वामनदादांचं शेवटचं कडवं

दोस्तांनो, वामनदादा कर्डकांवर लिहायचं म्हटलं की आपल्याकडे दोन रीती पडून गेल्यात. पहिली रीत सभेतली. फोटोला हार घालायचा, लोककवी म्हणायचं, महाकवी म्हणायचं, आणि मोकळं व्हायचं. दुसरी रीत विद्यापीठातली. प्रबंधात एक प्रकरण काढायचं, त्यात दादांना जन्ममृत्यूच्या सनांसकट बसवायचं, विषयांची यादी द्यायची - बुद्ध, भीम, रमाई, शेतमजूर, गिरणी कामगार - आणि प्रकरण मिटवायचं. दोन्ही रीतींत एक काम राहून जातं. गाणं कुणी वाचत नाही. एखादा शब्द उचलून, फिरवून, हा इथंच का ठेवला असं कुणी विचारत नाही.

मी दादांच्या गाण्याचा वेडा आहे. वेड्यानं तरी हे काम करावं म्हणून लिहायला बसलो. ओळी इथं उतरवून देणार नाही. त्या तुमच्या तोंडात आहेत. नसतील तर हे पान मिटवा, आधी वस्तीतल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाठा, त्याच्याकडून ऐकून या, मग पुढं वाचा. मला बोलायचंय ते त्या ओळी काय काम करतात यावर.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वामनदादांचं गाणं आपल्याला हिशेब विचारतं. आपण त्याची आरती करून टाकली. आणि आरती करण्यासाठी आपण त्याचं शेवटचं कडवं कापलं.

माणूस कोण, कुठला, हे थोडक्यात. १९२२ सालचा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. जिल्हा नाशिक. म्हणजे काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला तेव्हा हे पोर आठेक वर्षांचं, त्याच जिल्ह्यात. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तेही त्याच जिल्ह्यात. पुढं पोट घेऊन मुंबई. गिरणी, कोळशाची वखार, रस्त्यावर आइसफ्रूट विकणं. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. अक्षर शिकले ते मुंबईत, मोठेपणी, आणि जोडाक्षरं पक्की केली ती दुकानांच्या पाट्या वाचत वाचत. १९४३ पासून गाणी करू लागले, ते १५ मे २००४ ला नाशिकला गेले तोवर थांबले नाहीत. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' ही पुस्तकं. पण पुस्तकं ही नंतरची गोष्ट. गाणी आधी गावोगाव गेली, छापखाना मागनं आला.

त्या पाट्यांवर जरा थांबा. आपल्याकडच्या बहुतेक कवींना शब्द घरात मिळाला. आजोबांच्या पोथीतून, बापाच्या कपाटातून. दादांनी तो रस्त्यावरून वेचला. दुकानाच्या पाटीवरचा शब्द कसा असतो? आखूड, ठळक, लांबून दिसणारा. आणि त्याच्या मागं नेहमी एक वस्तू असते आणि एक मालक असतो. मला दादांचा शब्द तसाच वाटतो. त्यात धुकं नाही. साखळदंड म्हटलं की लोखंड वाजतं, आणि मालक म्हटलं की त्याचं नाव येतं.

आता प्रस्थापितांची तक्रार बघू. तक्रारी दोन. एक, हे प्रचारकी आहे. दोन, चाली उसन्या आहेत, सिनेमाच्या आहेत, कव्वालीच्या आहेत.

चाल उसनी होतीच. दादांची सुरुवातच सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर आपले शब्द बसवून झाली. पण चाल उसनी का घेतात हे ज्याला कळत नाही त्यानं गायन पार्टी कधी पाहिली नसणार. एक पेटी, एक ढोलकी, पाठीमागं दोघं-तिघं ओढून धरणारे, समोर दिवसभर खपून आलेली माणसं. गाणं त्याच रात्री त्यांच्या तोंडात बसलं पाहिजे, कारण उद्या पार्टी दुसऱ्या गावाला. नवी चाल शिकवत बसायला वेळ कुणाला? चाल लोकांच्या कानात आधीच आहे, मग तिच्यावर आपला माल लादून द्यायचा. सिनेमावाल्यानं पैसा घालून जी वाट पाडली तिच्यावरून आपली बैलगाडी न्यायची. सत्यशोधकांनी तमाशातल्या गण-गवळणीचा साचा उचलला आणि आतला मजकूर बदलला. पुढं भीमराव कर्डकांच्या पिढीनं आंबेडकरी जलसा उभा केला. भीमरावांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तकच लिहून ठेवलंय, नव्या कार्यकर्त्यानं ते मिळवून वाचावं. दादा त्या रांगेतले. साचा कुणाचा हे त्यांनी कधी विचारलं नाही, त्यात काय ओततोय एवढंच पाहिलं.

आणि प्रचार म्हणाल, तर प्रचारात प्रचारकर्त्याची बाजू नेहमी साफ असते. दादांच्या गाण्यात आपली बाजू साफ नाही. तिथंच तर गंमत आहे. पुराव्याला तीन गाणी घेऊ.

पहिलं, पाच लोकांचं गाणं. तुम्हाला कळलंच कुठलं ते. बाबासाहेबांना उद्देशून आहे. गज़लेची चौकट आहे, म्हणजे ओळींच्या शेवटी तोच शब्द फिरून फिरून येतो. तो शब्द कुठला? 'असते'. आता मराठी बोलणाऱ्या माणसाला सांगायला नको की 'जर'च्या मागं येणारं 'असते' म्हणजे 'नाहीत'. पैसे असते तर दिले असते, म्हणजे पैसे नाहीत. दादांनी हा रोजच्या बोलण्यातला शब्द घेतला आणि गाण्याच्या सांध्यात बसवला. प्रत्येक ओळ मोठ्या डौलात चढते, तलवारीच्या टोकाची भाषा करते, बोलणं आणि वागणं एक झाल्याचं चित्र उभं करते, आणि शेवटी 'असते'वर येऊन धाडकन खाली पडते. नाहीत. नाहीत. नाहीत. गाणारे आपण, टाळ्या देणारे आपण, आणि टाळी पडते ती 'तुमच्यात पाचसुद्धा नाहीत' या वाक्यावर! मराठीत याहून कडू गंमत मला दुसरी माहीत नाही. व्याकरणाचा असा वापर करणाऱ्याला प्रचारकी म्हणायचं तर मग कवी कुणाला म्हणायचं?

आणि आकडा बघा. पाचच का? शंभर का नाही, हजार का नाही? पाच हा गावाचा आकडा. पंच. पाचामुखी परमेश्वर असं गाव म्हणतं, आणि त्या पाच मुखांत आपलं मुख कधीच नव्हतं. आपल्याबद्दलचा निवाडा ते पाच करायचे, आपण लांब उभे. दुसऱ्या बाजूनं बघा. सारनाथला बुद्धानं धम्म सांगितला तो पाच जणांना. पंचवर्गीय भिक्खू. पाचांवर धम्माचं चाक फिरलं. लिहिताना दादांच्या मनात हे होतं की नव्हतं ते सोडा. १९५६ नंतरच्या बौद्ध माणसाच्या कानाला पाच म्हटलं की हे दोन्ही आवाज ऐकू येतात. गावाचे पाच आपल्याविरुद्ध होते. बुद्धाचे पाच जग बदलायला पुरले. आणि बाबासाहेबांना, लाखांच्या सभा घेणाऱ्या माणसाला, त्याच्या मताचे पाच मिळाले नाहीत.

बाबासाहेब १८ मार्च १९५६ ला आग्र्याला बोलले. शिकलेल्या लोकांनी मला धोका दिला, अशा अर्थाचं ते बोलणं तुम्हाला पाठ आहे. माझ्या लेखी पाच लोकांचं गाणं म्हणजे त्या भाषणाची पुढची बाजू. भाषणात बाप पोरांना बोलला. गाण्यात पोरगा बापासमोर उभा राहून म्हणतो, होय, तुझं खरं होतं. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि त्याचे किती तुकडे झाले ते मोजायला आता बोटं पुरत नाहीत. प्रत्येक तुकड्याच्या स्टेजवर हे गाणं वाजतं. दुसऱ्या तुकड्याला टोमणा म्हणून वाजवतात. स्वतःला म्हणून कुणी वाजवत नाही.

दुसरं गाणं टाटा-बिर्लांचं. मोठमोठ्या शेठांची नावं घेऊन दादा विचारतात की माझा हिस्सा कुठं ठेवलाय. इथं यमक बघण्यासारखं आहे. शेठांच्या नावाला जो शब्द जुळतो तो 'वाटा'. टाटा, बाटा, वाटा. जुळणी इतकी सोपी की पोरंसुद्धा हसतात. पण हसून झाल्यावर विचार करा. मालकाचं नाव उच्चारलं की त्याच दमात आपला वाटा आठवावा, अशी सोय त्यानं भाषेतच करून ठेवली. एकदा हे गाणं ऐकलेल्या माणसाला ते नाव वाट्याशिवाय ऐकूच येत नाही.

आणि 'वाटा' हा शब्द कुठनं आला? गावात आपल्या बापजाद्यांना मिळायचं ते बलुतं. दारात उभं राहून मागितलेली भाकर. खळ्यावर शेवटी राहिलेलं धान्य. वतन म्हणायचं आणि वेठ राबवायची. ते महारवतन कायद्यानं गेलं १९५८ च्या कायद्यामुळं, त्यासाठी बाबासाहेब कितीतरी वर्षं झगडले. वाटा ही चीज निराळी. वाटा दोन भाऊ शेताचा करतात. वाट्यात उपकार नसतो, हात पसरणं नसतं. वाटा मागणारा मालकाच्या बरोबरीचा असतो. दादांनी भाकर मागितली नाही, दान मागितलं नाही, सवलतसुद्धा मागितली नाही. वाटा मागितला. एका शब्दात त्यांनी माणसाला दारातून उचलून घरात, वाटणीच्या बैठकीत आणून बसवलं.

वर मागण्याची तऱ्हा बघा. 'कुठाय हो' असं विचारतात. 'कुठे आहे' असं पुस्तकी नाही. आणि त्या 'हो'त शिवी नाही, घोषणा नाही. शेजाऱ्याला विचारावं, आमची बादली कुठाय हो, तसं. ज्याची वस्तू हरवलीय तो असंच बोलतो, कारण वस्तू आपलीच आहे याची त्याला शंका नसते. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत सांगितलं होतं की राजकारणात एक माणूस एक मत येईल आणि समाजात, अर्थकारणात विषमता तशीच राहील, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना ती जाळतेय ते लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. हे भाषण किती वस्त्यांत पोचलं? 'कुठाय हो' मात्र पोचलं. आपल्यातले काही मार्क्सवादी मित्र म्हणतात की आंबेडकरी गाण्यात भाकरीचा प्रश्न नाही. त्यांनी हे गाणं ऐकावं. आणि आपल्यातले काही भाऊ म्हणतात की भांडवलशाहीवर बोलला तो कम्युनिस्ट झाला. त्यांनी तर दोनदा ऐकावं.

तिसरं गाणं कोटी कुळांचं. १४ एप्रिलला याच्याशिवाय पहाट होत नाही. इथं मात्र मला दादांशी थोडं भांडायचंय. त्यांनी शब्द घेतला 'उद्धार'. हा शब्द संतांच्या घरातला. देवानं भक्ताचा करायचा तो उद्धार. ज्या माणसानं २२ प्रतिज्ञा दिल्या, अवतार नाकारला, त्याच्या जन्मावर अवतारकथेची भाषा का? शिवाय वर सांगितलेल्या २५ नोव्हेंबरच्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात भक्ती म्हणजे अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट. मग हे गाणं त्या वाटेवरचं की काय?

माझं उत्तर असं. मुखड्यापुरतं ऐकाल तर हो, त्याच वाटेवरचं. पुढं ऐकाल तर नाही. कारण पुढं गाण्यात देवाचं काम दिसत नाही. पायातल्या बेड्या तुटतात, गुलाम मोकळा होतो. मोक्ष वगैरे भानगड नाही, सुटका आहे, आणि ती याच जन्मात, याच पायांची. शब्द देवळाचा घेतला आणि त्यात काम घातलं लोहाराचं. पुढं शेवटी 'वामन' येतो. कालचं आपलं जिणं किती कवडीचं होतं ते सांगतो, आणि लोक बुद्धाकडं वळताना दाखवतो. कोटी कुळांपासून सुरू झालेलं गाणं एका माणसाच्या कालच्या आणि आजच्या दिवसावर येऊन टेकतं. कोटी हे खरं कशावरून, तर हा एक बघा, मी. शेवटचं कडवं हा पुरावा आहे. पुरावा काढून टाकला तर उरते ती नुसती स्तुती.

इथंच मला मुद्द्यावर यायचं होतं. 'वामन' हे नाव शेवटच्या कडव्यात येतं ही जुनी पद्धत आहे. अभंगात आहे, गज़लेत आहे. नाव घालणं म्हणजे सही. पण सही दोन तऱ्हेची असते. एक चित्रावर करतात ती, हे माझं म्हणून. दुसरी करतात साक्षीच्या कागदावर, हे मी पाहिलं म्हणून. दादांची सही दुसऱ्या तऱ्हेची. वर सगळं सांगून झालं, आता सांगणारा स्वतः कठड्यात येऊन उभा राहतो. म्हणतो, मला विचारा. मग ऐकणाऱ्यालाही कुठंतरी उभं राहावं लागतं. तो सही करणार की नाही?

आता आपल्या मिरवणुका आठवा. ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर. मुखडा वाजतो, मुखडाच पुन्हा वाजतो, खाली ठोका वाढत जातो. पहिलं कडवं अर्धं येतं, तोवर गाणं बदलतं. शेवटच्या कडव्यापर्यंत गाणं पोचतच नाही. पोरं नाचतात याला माझा विरोध नाही. ज्यांना रस्त्यानं ताठ चालायची बंदी होती त्यांची पोरं भर रस्त्यात नाचतात, हेही एक बंडच आहे. पांढरपेशांनी यावर नाकं मुरडू नयेत, त्यांचे स्पीकर आम्ही दहा दिवस ऐकतो. माझी तक्रार निराळी. मुखड्यात बाबासाहेब आहेत, शेवटच्या कडव्यात आपण आहोत. आपण बाबासाहेब ठेवले आणि स्वतःला कापून टाकलं. प्रश्न गेला, जयजयकार उरला. 'असते'ची धार गेली, टाळी उरली. ज्याला आपल्याकडून फक्त मतं पाहिजेत आणि प्रश्न नको आहेत, त्या पुढाऱ्याला हे असंच पाहिजे. तो स्पीकरचे पैसे आनंदानं देतो.

दादांचं सगळंच सोनं आहे असं मी म्हणत नाही. आंधळं कौतुक केलं तर मी वर जे लिहिलं त्याला काय अर्थ? हजारो गाणी केलेल्या माणसाचं काही लिखाण त्या रात्रीपुरतं, त्या सभेपुरतं असणारच. काही ठिकाणी यमक पुढं पळतं आणि अर्थ मागं धापा टाकतो. काही ठिकाणी बाबासाहेब इतके मोठे होतात की महाडला तळ्यावर चालून गेलेली हजारो माणसं, भूमिहीनांच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या बायाबापड्या त्यांच्यामागं दिसेनाशा होतात. हे बोललं पाहिजे. दादांनी आपल्याला तपासायला शिकवलं, त्यांनाच तपासायचं नाही हा कुठला न्याय? पण तपासायला आधी पूर्ण गाणं हातात पाहिजे.

म्हणून कार्यकर्त्यांनो, एक काम सांगतो. प्रत्येक वस्तीत एखादा जुना गायक असतो, एखादी म्हातारी असते, पत्र्याच्या पेटीत जपलेली एखादी वही असते. पानं पिवळी, शाई फुटलेली. तिथं जा. पूर्ण गाणी उतरवून घ्या, सगळ्या कडव्यांसकट. एकाच गाण्याची दोन गावांत दोन रूपं मिळतील, दोन्ही लिहून घ्या, गावाचं नाव टाका. छापलेल्या पुस्तकाशी ताडून बघा. ही माणसं जातायत. एक एक जातोय आणि त्याच्याबरोबर दहा-वीस कडवी जातायत.

आणि येत्या जयंतीला स्पीकर लावायचा तर लावा. पण रात्री केव्हातरी तो अर्धा तास बंद करा. एक पेटी, एक ढोलकी, आणि पाच लोकांचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग शांतपणे एकमेकांकडं बघा, आणि मोजा.

पाच भरतात का?

जयभीम.